तुमची ज्वारी, माझा ऊस

अक्का, तुमचा मूग तोडून झाला.

ज्या ओळीत तुम्ही पडलात ती मी शेवटाला ठेवली होती. तिथवर पोचले तेव्हा बऱ्याच शेंगा पावसानं काळ्या पडल्या होत्या. तुमच्या पदराच्या ओट्यातून सांडलेल्या शेंगा मातीवर तशाच होत्या आणि त्यांना मोड आले होते. त्या मी उचलल्या नाहीत, पुढं सरकले. लोक म्हणत होते, बाया लावा, या वयात तुम्ही कशाला वाकताय. पण घरात बसून नेमकं काय करायचं ते मला कळत नव्हतं. रानात निदान हातांना काम माहीत होतं.

मला अजून रडू आलेलं नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, जसं आहे तसं सांगते. तुम्हाला मातीला नेलं तेव्हा सगळे रडले. तुमचा अविनाश तर लहान पोरासारखा रडला. पाळकसाहेब प्रार्थना करत होते आणि मी कबरीच्या कडेला उभी राहून माती कुठवर ओली आहे ते बघत होते. वरची ओली होती, हातभर खाली कोरडीठाक. मनात आलं, यंदा ज्वारीला ओल पुरायची नाही, अक्कांना सांगायला हवं. तुमच्या संगतीचा गुण, दुसरं काय. मग सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मीही टाकली, आणि घरी येऊन चहा ठेवला.

तेव्हापासून हे असंच चाललंय. माणसं भेटायला येतात, मी त्यांना तुमच्याबद्दल सांगते, आवाजसुद्धा नीट असतो. केडगावहून आलेली एक नात्यातली बाई जाताना म्हणाली की मास्तरीणबाईंचं काळीज मोठं घट्ट. असेल बाई. मला तर काळीज आहे की नाही तेच हल्ली जाणवत नाही. जेवते, झोपते, गाय पिळते.

आपलं दोघींचं फार पटायचं असं गावात कुणी म्हणणार नाही. तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी. वाटणी झाली तेव्हा रान निम्मं निम्मं झालं, पण बांधावरची विहीर काही मधून कापता येत नव्हती. ती सामाईक राहिली. एक दिवस मोटार तुमची, एक दिवस आमची, ही बारी तेव्हापासून चालत आली. आमचे मास्तर शाळेत, त्यामुळे आमच्या बाजूचं रान माझ्याच गळ्यात पडलं. तुमच्या बाजूला भाऊजी होते, पण पेरायचं काय हे ते असतानाही बहुतेक तुम्हीच ठरवायचात. फक्त एका वर्षी त्यांचं चाललं.

त्या वर्षी बांधाच्या दोन्ही अंगांना ऊस होता. सगळ्या गावातच ऊस होता म्हणा. आणि खरं सांगू का, उसात वाईट काय होतं? एकदा लावला की लावला. राखण नाही, मळणी नाही, पाखरं हाकायला नको. फॅक्टरीची टोळी येते आणि तोडून नेते. मी एकटी बाई रानात, मला उसानंच निभावून नेलं. हे तुम्हाला पन्नासदा ऐकवलंय, आज आणखी एकदा ऐका.

पण त्या वर्षी दोन उसांनी मिळून विहीर माघातच तळाला नेली. मोटार चालू केली की थोडा वेळ पाणी यायचं, मग पाइपातून नुसता हवेचा आवाज. तुमचा ऊस शेंड्याकडून वाळत खाली आला आणि माझा त्याच्या मागोमाग. भाऊजींनी तुमचा बराचसा तोडून जनावरांपुढं टाकला. घरात ज्वारीचा दाणा नव्हता, कारण ज्वारी पेरायला रानात जागाच ठेवली नव्हती.

आणि तशात चर्चची उपकारस्तुती आली. दर वर्षी सुगी घरात आली की एका रविवारी ती असते. ज्याच्या रानात जे पिकलं त्यातला पहिला वाटा त्यानं आणून वेदीपुढं ठेवायचा. कुणाची कणसं, कुणाचा भोपळा, रान नसलेल्याची कोंबडी नाहीतर अंडी. उपासना झाली की बाहेर चिंचेखाली त्या सगळ्याचा लिलाव. आपलं आपण घ्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं, हा रिवाज. त्या रविवारी तुम्ही पांढऱ्या फडक्यात बांधलेलं ज्वारीचं गाठोडं वेदीपुढं ठेवलंत आणि माझ्याकडं न बघता बाकावर जाऊन बसलात. मला वाटलं माहेराहून आली असेल. लिलावात मी इरेला पडले आणि ते गाठोडं घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला घेतली तर थापताच येईना. पीठ विरी गेलेलं. कडा फाटत होत्या, तव्यावर टाकायला उचलली की दोन तुकडे. जुनी, किती दिवस कुठल्या पोत्यात पडून राहिलेली ज्वारी होती ती. मी ती तुटकी भाकरी ताटलीत घातली आणि तुमच्या दारात आले. मला थट्टा करायची होती. आयती संधी होती आणि मी ती सोडणारी नव्हे.

तुम्ही ताटलीकडं बघितलंत. म्हणालात, "बेलापूरच्या बाजारातनं आनली. देवापुढं काय रिकाम्या हातानं जायाचं हुतं व्हय?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. उंबऱ्यावर बसलात, भाकरीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकलात आणि तो चावून संपवलात. मग म्हणालात, "सुमे, आपन शेतकरी हाय का न्हाई?"

मी ताटली घेऊन परत आले.

त्यानंतर तुम्ही ऊस मोडलात तो कायमचा. भाऊजींनी कुरकुर केली, पण तुमच्यापुढं कुणाचं काय चालणार. रानाचे दोन तुकडे पाडलेत. एकात पावसाळ्यात मूग, मूग निघाला की तिथंच ज्वारी. दुसऱ्यात बाजरी आणि तिच्यावर हरभरा. पुढच्या वर्षी दोन्हींची अदलाबदल. मला तो सगळा खटाटोप वाटायचा आणि मी तसं म्हणायचे. मग तुमचं बेवडपुराण सुरू. आधीचं पीक रानाला मागं काय ठेवून जातं, हे म्हणे पुढचं पीक लावायच्या आधी बघायला हवं. मुगाचा बेवड ज्वारीला मानवतो. ज्वारीवर ज्वारी घेतली तर रान कंटाळतं. आणि उसावर ऊस, त्यावर पुन्हा ऊस, हे तुम्ही माझ्या रानाकडं हात करून म्हणायचात आणि वाक्य अर्धंच सोडायचात. त्या अर्ध्या वाक्याचा मला फार राग यायचा.

पण तुमची कणगी भरत होती, हे मी बघत होते. आभाळानं दगा दिला त्या वर्षीसुद्धा भरली. हरभरा विकून वरचा खर्च निघायचा, कडब्यावर गाय पोसली जायची, ज्वारी वर्षभर पुरायची. माझ्या उसाला दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा जास्त पाणी लागायचं आणि तो आदल्या वर्षीपेक्षा बारीक यायचा. खोडव्यावर खोडवा राखत गेले. तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटतोच आहे, तर कशाला मोडायचा, असा माझा विचार. रान विटेसारखं झालं होतं, पाय टाकला की कळायचं.

आणि पाणी. खरं भांडण तिथं होतं. तुमची ज्वारी पोटरीत येऊन कणसं धरायला लागली की एक पाणी, हरभऱ्याचे घाटे भरताना एक पाणी. संपलं. मग तुमच्या बारीला मोटार बंदच. ती बंद दिसली की मी माझी चालू करायची. तुम्ही कधी आडव्या आला नाहीत. सकाळी विहिरीवर यायचात, कठड्याला हात टेकून आत वाकून बघायचात आणि घरी जायचात. मी म्हणायचे, अक्का, काय हरवलंय का आत?

उपकारस्तुतीच्या लिलावात मात्र आपल्याला बघायला लोक थांबायचे. त्या विरी गेलेल्या ज्वारीनंतर दर वर्षी तुमची ज्वारी मीच घेतली, आणि माझी उसाची मोळी तुम्ही. दुसऱ्या कुणी बोली वाढवली की तुम्ही त्याच्याकडं असं बघायचात की तो गप्प बसायचा. तोंडात दाढा उरल्या नव्हत्या तुमच्या. ऊस खाणार कोण, तर वाटेत भेटतील ती पोरं. एकदा मी विचारलं, अहो, वर्षभर माझ्या उसाच्या नावानं बोटं मोडता, मग ही मोळी कशाला? तुम्ही पदरानं घाम पुसत म्हणालात, "ऊस ग्वाड हाय की. माजं भांडन पान्यापायी हाय, उसाशी न्हाई."

यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही भर दुपारी विहिरीवर मला गाठलंत. त्या वेळी मोटार माझी चालू होती आणि बारी तुमची होती. विहिरीत पाणी फार उरलं नव्हतं, आपण दोघीही आत बघत होतो. तुम्ही नेहमीच्या आवाजात म्हणालात, "सुमे, तुझा ऊस माझ्या ज्वारीच्या पान्यावर हुबा हाय."

मला लागलं. मी म्हणाले, "मग तुमीबी लावा की ऊस. कोन नगं म्हनतंय?"

"मी लावला तर तुजाबी जाईल आन माजाबी. म्हनून लावत न्हाई." मग म्हणालात, "निम्मा मोड. निम्म्यात ज्वारी कर."

मी म्हणाले, "बघू."

तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. त्यानंतर तो विषय निघाला नाही. पाऊस लागला, पेरण्या झाल्या, मूग फुलावर आला. पुढं श्रावण सरता सरता एका सकाळी तुम्ही शेंगा तोडायला गेलात आणि परत आणायला माणसं धावली. डॉक्टर म्हणाले, काळजाचा झटका, काही करण्यासारखं नव्हतं. तुम्ही पुन्हा विचारलं असतंत तर मी हो म्हणाले असते की नाही, हे मला खरंच माहीत नाही, अक्का. बहुतेक आणखी एकदा बघू म्हणाले असते.

अविनाश रजा काढून राहिला होता. सुप्याकडच्या त्याच्या कंपनीला किती दिवस सुट्टी देता येणार? जायच्या आदल्या दिवशी तो विहिरीच्या कठड्यावर येऊन बसला. मी गायीला गवत कापत होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "काकू, मी ऊस लावायचं म्हनतोय. रोज येनं मला जमायचं न्हाई. ज्वारीला मानूस लागतं. उसाला न्हाई."

माझंच बोलणं मी त्याच्या तोंडून ऐकत होते, शब्दाचाही फरक नाही. आणि त्याच्या मागं बांधापलीकडं माझा खोडवा उभा होता. पोरगं तुमचं आहे, त्यामुळे तिकडं बोट दाखवून, काकू, तुमचा चालतो मग माझा का नाही, असं काही तो म्हणाला नाही. नुसता त्या बाजूला बघत राहिला. मला वाटतं, म्हणाला असता तर सोपं गेलं असतं, मला भांडता आलं असतं.

संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला. विहीर एक, ऊस दोन, पुढचं तुला माहीत आहे, इतकं बोलून पुन्हा चष्मा लावला. बारा गावांच्या पोरांना शिकवणारा माणूस, पण घरात याहून जास्त बोलायचं नाही असं ठरवून बसलाय.

सकाळी उठले आणि पाय विहिरीकडं वळले. का ते विचारू नका. कठड्याला हात टेकला आणि आत बघितलं. पाणी बरं होतं, पावसाळाच तो. पण मी पाण्याकडं बघत नव्हते, मी माघातली विहीर बघत होते. पाइपातून येणारा तो हवेचा आवाज मला नीट आठवला. दोन ऊस लागले तर तुमच्या पोराचा जाणार, माझाही जाणार आणि ज्वारी कुणाच्याच रानात नसणार. मग मी बेलापूरच्या बाजारातून गाठोडं आणून वेदीपुढं ठेवणार. त्याची भाकरी घेऊन माझ्या दारात कोण येणार?

अविनाश बॅग भरत होता. मी त्याला म्हणाले, "लाव ऊस. तुझ्या आईनं रान भुसभुशीत ठिवलंय, चांगला येईल. माझा मी मोडते."

त्यानं विचारलं, "मंग तुमी काय करनार?"

"ज्वारी. माझ्या बारीला मोटार बंद दिसंल तवा तू तुझी लावशील. लाव, मी आडवी यायची न्हाई. पर दोन वर्सांनी तू ऊस मोडायचा, मूग-ज्वारीवर यायाचं, आन मंग मी लावीन. इहिरीवर एका टायमाला एकच ऊस. एवढं कबूल कर."

त्यानं कबूल केलं. मग आत गेला आणि तुमच्या खोलीतून राखेत घोळून डब्यात ठेवलेलं ज्वारीचं बी घेऊन आला. गेल्या सुगीत चांगली कणसं बघून तुम्ही स्वतः निवडून ठेवलेलं. काकू, हे आता तुम्हालाच लागंल, म्हणाला आणि पुन्हा रडायला लागला. मी डबा घेतला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला तेव्हाही रडू आलं नाही.

खोडवा चाऱ्याला देऊन टाकला. गवळी लोक आले आणि तोडून घेऊन गेले. जवळच्यांनी मला वेड्यात काढलं. आणखी थोडे महिने थांबले असते तर तोच फॅक्टरीला गेला असता, हे मलाही कळतं. पण तोवर ज्वारीची पेरणी निघून गेली असती. नांगराला बुडखे निघता निघेनात. ढेकळं एवढी मोठी की ट्रॅक्टरवाला म्हणाला, मास्तरीणबाई, हे रान शेवटचं नांगरलं कधी? मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही असता तर कठड्यावर बसून हसला असतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐकून घ्या. ऊस वाईट, असं मी अजूनही म्हणणार नाही. तुमचं सगळं खरं होतं आणि माझं सगळं खोटं, असंही मानू नका. उसानं माझी पोरं शिकली. पण तो उभा राहिला तो तुम्ही न उपसलेल्या पाण्यावर, हेही खरं आहे. वर्षानुवर्षं तुमच्या वाट्याचं पाणी तुम्ही विहिरीत ठेवलंत आणि ते माझ्या रानात गेलं, आणि तुम्ही ते एकदाच बोलून दाखवलंत. अक्का, तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत. समोर असता तर हे म्हणायला जीभ वळली नसती, तुम्हालाही ते ऐकवलं नसतं. लगेच म्हणाला असतात, सुमे, ताप हाय का तुला?

ज्वारी उगवलीय. ओळी सगळीकडं सारख्या नाहीत. ढेकळं राहिली तिथं खाडे पडलेत. रानात मुगाचा बेवड नाही, उसानं सगळं शोषून घेतलंय, त्यामुळे पहिलं वर्ष हलकंच जाईल. हे तुमचंच गणित मी मांडतेय. पलीकडं अविनाशनं ऊस लावलाय, कांड्यांचे डोळे फुटायला लागलेत. रविवारी येतो, पाणी बघतो, मला विचारून मोटार लावतो. मी म्हटलं, विचारत जाऊ नकोस. तरी विचारतो.

सकाळी मी विहिरीवर जाते. आत वाकून बघते. परवा शेजारचा पोरगा म्हणाला, आज्जी, काय हरवलंय का?

सुगीला उपकारस्तुती येईल. ज्वारी मी नेईन, थोडी असली तरी घरची असेल. अविनाश उसाची मोळी आणेल आणि ती बोलीत मीच घेईन. दाढांची तक्रार माझीही सुरू झालीय, तरी घेईन. ते सगळं जमेल. पण चिंचेखाली माझं गाठोडं वर उचललं जाईल तेव्हा माझ्या ज्वारीवर बोली कोण लावणार अक्का? तेवढं मला अजून सुचलेलं नाही.